कीन : गिटारविना उभा राहिलेला बँड आणि २०१३ चा थांबा

विजापूरवेस

२००४ साली इंग्लंडात गिटारच्या बँडना बहर आला होता. फ्रांझ फर्डिनांड, लिबर्टीन्स, रेझरलाइट, जिकडे बघाल तिकडे गिटारच्या टोकदार, फिरून फिरून येणाऱ्या सुरावटी. त्याच वर्षी १० मे रोजी तीन जणांच्या एका बँडचा पहिला अल्बम आला, ‘होप्स अँड फिअर्स’. पियानो, ड्रम आणि गळा. गिटारचं नाव नाही. अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या जागी पोचला आणि पुढच्या वर्षी ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम ब्रिटिश अल्बम ठरला. बँडचं नाव कीन.

कीनबद्दल बोलताना लोक ‘समव्हेअर ओन्ली वी नो’ या गाण्यापाशी थांबतात. मला त्यापुढचं बोलायचंय. हा बँड वर का आला आणि २०१३ मध्ये थांबला का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे. गाणी लिहिणारा एक, ती गाणारा दुसरा, आणि दोघं पोरवयापासूनचे मित्र.

थोडी पार्श्वभूमी. टिम राइस-ऑक्सली (पियानो आणि जवळपास सगळी गाणी), टॉम चॅप्लिन (गायक) आणि रिचर्ड ह्यूज (ड्रम) हे इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समधल्या बॅटल या गावाकडचे. १०६६ ची प्रसिद्ध हेस्टिंग्जची लढाई जिथं झाली तेच हे गाव. टॉमचे वडील ज्या शाळेचे मुख्याध्यापक होते, त्याच शाळेत टिम आणि टॉम शिकले. बँडमध्ये चौथाही होता, डॉमिनिक स्कॉट, गिटारवाला. तो २००१ मध्ये बाहेर पडला.

गिटारवाला गेला की दुसरा आणायचा, हा रॉकमधला रिवाज. यांनी आणला नाही. त्याची मोकळी जागा टिमच्या पियानोनं भरून काढली. २००२ च्या डिसेंबरात लंडनच्या बेट्सी ट्रॉटवूड या छोट्या पबमध्ये ते वाजवत होते, तिथं फिअर्स पांडा या लहानशा कंपनीच्या सायमन विल्यम्सनं त्यांना ऐकलं. पुढच्या मे महिन्यात ‘एव्हरीबडीज चेंजिंग’ निघालं. मग आयलंड रेकॉर्ड्स ही मोठी रेकॉर्ड कंपनी आली, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ‘समव्हेअर ओन्ली वी नो’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळं माझा कान आधी हातांकडे जातो. पेटीत डावा हात भात्यावर अडकलेला असतो. उजव्या हातानं सूर धरायचे, गायकाच्या मागं जायचं, जागा भरायच्या. खर्जाला हात मोकळा नाही. टिमचं उलटं आहे. ‘समव्हेअर’च्या सुरुवातीला उजवा हात ए मेजरचा कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) एकसारखा ठोकत राहतो, ठाय नाही, दुगुन नाही, एकाच वजनानं. आणि डाव्या हातात खालचा सूर अर्धी पायरी उतरतो. वर सगळं तसंच, खालची जमीन तेवढी सरकते. त्या एका उतरण्यात गाण्याची सगळी बेचैनी आहे. टॉमनं अजून तोंड उघडलेलं नसतं.

तुमचं काय मत? ऐकणारे सोलापुरात फार नसतील, पण आहेत हे मला माहीत आहे.

रेल्वेलाइन्स

आहोत की ओ! कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो, कारण धाग्यात कोणीतरी आणणारच. “कीन म्हणजे कोल्डप्लेची नक्कल.” मला हे अजिबात पटत नाही. कोल्डप्ले सुरू होत होतं तेव्हा त्यांच्या गायकानं, ख्रिस मार्टिननं, टिमला कीबोर्डवर ये म्हणून विचारलं होतं. दोघंही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. टिमनं आपल्या मित्रांचा बँड सोडला नाही. म्हणजे दोन्ही झाडं एकाच मातीत वाढली, एवढंच म्हणता येईल. शिवाय कोल्डप्लेच्या आवाजात जॉनी बकलंडची गिटार मधोमध आहे. ती काढून बघा काय उरतं, आणि मग कीन ऐका.

विजापूरवेस, तुमच्या मुद्द्याला माझी थोडी हरकत आहे. लिहिणारा टिम हे खरं, पण टॉमचा गळा नसता तर ही गाणी बेट्सी ट्रॉटवूडच्या भिंतीबाहेर आली नसती. ‘बेडशेप्ड’चं शेवटचं कडवं ऐका. वरच्या पट्टीत जाताना तो आवाज पातळ करत नाही, छातीतूनच नेतो. तिथं पियानो कितीही जोरात असू दे, कान टॉमलाच धरतो.

साउंड_नवीपेठ

मी कार्यक्रमांना साउंड लावतो, म्हणून वाद्याबद्दल लिहितो. या धाग्यात त्याची गरज आहे.

टिम वाजवतो तो साधा डिजिटल पियानो नाही. यामाहा सीपी-७०, सत्तरच्या दशकातलं वाद्य, त्याला इलेक्ट्रिक ग्रँड म्हणतात. आत खऱ्या तारा आहेत, खरे हातोडे आहेत. नाही ती फक्त लाकडी साउंडबोर्ड, जिच्यामुळं मोठ्या पियानोचा आवाज खोलीभर घुमतो. त्याऐवजी तारांची कंपनं पिकअप उचलतात आणि वायरीतून अॅम्प्लिफायरला जातात. पट्ट्या ७३. वाद्याचे दोन भाग सुटे होतात, म्हणून दौऱ्यावर नेता येतं. तरी उचलायला माणसं लागतातच.

याचा फायदा ज्यानं स्टेजवर मायकिंग केलंय त्याला कळेल. खऱ्या ग्रँड पियानोला माइक लावला की शेजारचा ड्रम त्यात घुसतो आणि आवाज वाढवला की शिट्टी. सीपी-७० ला ती कटकट नाही. आणि तिच्या खालच्या तारा ग्रँडपेक्षा आखूड असल्यामुळं खर्ज गोल येत नाही, किंचित खणखणीत, धातूचा येतो. ड्रमच्या गदारोळातून वर यायला असाच आवाज लागतो. कीनच्या रेकॉर्डवर पियानो ऐकताना जो एक करडा, जरा थंड रंग येतो तो इथला.

आता २००६ चा ‘अंडर द आयर्न सी’ घ्या. त्यातलं ‘इज इट एनी वंडर?’ पहिल्यांदा ऐकलं तर कोणीही छातीठोकपणे सांगेल की ही इलेक्ट्रिक गिटार आहे. तो पियानोच आहे. सीपी-७० ची वायर गिटारवाले आवाज फाटका, खरखरीत करायला वापरतात त्या डिस्टॉर्शनच्या पेडलांमधून फिरवलीय. गिटार आणायची नाही हे पक्कं ठेवून गिटारचा राग पियानोतून काढला, मला हे कीनचं सगळ्यात मोठं काम वाटतं. या अल्बमवर इतकं कमी बोललं जातं याचं वाईट वाटतं.

आणि विजापूरवेस, तुमच्या डाव्या हाताच्या मुद्द्यात एक भर. सुरुवातीच्या काळात स्टेजवर बास वाजवणारा माणूसच नव्हता. बासचा भाग टिमनं आधी वाजवून ठेवलेला असायचा आणि तो स्टेजवरच्या लॅपटॉपमधून यायचा. यावरून त्यांना टोमणे बसले. आपल्याकडं ऑर्केस्ट्रात एकच माणूस डाव्या हातात बास, उजव्यात बासरीचा पीस आणि मध्येच व्हायोलिनचा टोन काढतो, त्याला आपण टाळ्या देतो. माणसं तीन आणि गाणी मोठ्या मैदानाची, तर ती जुळवायची कशी, हाच प्रश्न होता.

जुळेसोलापूरची

नमस्कार. मी यांचं एकच गाणं ऐकलंय, रील्समध्ये. २०२४ मध्ये सगळीकडं तेच वाजत होतं. आधी वाटलं नवीन गाणं आहे, मग कळलं माझ्या जन्माच्या आसपासचं आहे. काकालोक, हा बँड आता आहे की मोडला? काही ठिकाणी वाचलं की २०१३ ला संपला, काही ठिकाणी २०२४ च्या दौऱ्याचे फोटो आहेत. आणि पुढं काय ऐकू?

विजापूरवेस

ताई, आहे. २०१३ ला थांबले, २०१९ ला नव्या अल्बमसह परत आले, आणि २०२४ चा दौरा पहिल्या अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून होता. तुम्ही फोटो बघितले ते खरे.

ऐकायचं म्हणाल तर आधी ‘होप्स अँड फिअर्स’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाणी न बदलता. मग ‘अंडर द आयर्न सी’ रात्री, इअरफोन लावून. त्यातल्या ‘अ बॅड ड्रीम’वर जरा रेंगाळा. आयरिश कवी येट्सची एका वैमानिकावरची कविता आहे, आपल्याला आकाशातच मरण येणार हे ठाऊक असलेला वैमानिक. टिमनं ते गाणं त्या कवितेवरून केलं. मधले अल्बम नंतर. शेवटी २०१९ चा ‘कॉज अँड इफेक्ट’. या क्रमानं ऐकलं तरच शेवटचा कळेल, कारण त्यातली माणसं तोवर चाळिशीची झालेली आहेत.

कंबरतलाव

मी थोडं कडू बोलणार आहे. ‘परफेक्ट सिमेट्री’ (२००८) मध्ये गिटार आल्या, ऐंशीच्या दशकातले सिंथेसायझर आले, आणि मला वाटलं की ज्या कारणानं हा बँड आपला वाटला तेच यांनी सोडून दिलं. तोही पहिल्या क्रमांकावर गेला हे मान्य. २०१० चा ‘नाइट ट्रेन’ तर आठ गाण्यांचा ईपी, म्हणजे पूर्ण अल्बमपेक्षा छोटा संच, त्यात केनान नावाचा सोमाली-कॅनेडियन रॅपर आहे, तोही पहिला आला. पण क्रमांक आणि गाणं यांचं काही लग्न लागलेलं नसतं. त्या दोन्हींमध्ये मला तीन हुशार माणसं “आपण आणखी काय काय करू शकतो” हे दाखवताना ऐकू येतात.

‘स्ट्रेंजलँड’ (२०१२) मात्र मनापासून आवडतो. त्यात ‘सॉव्हरिन लाइट कॅफे’ आहे. बेक्सहिल नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावात या नावाचा खरा कॅफे आहे, बॅटलपासून जवळच. जगभर हिंडून आलेली माणसं पुन्हा आपल्या भागातल्या एका चहाच्या ठिकाणाबद्दल गातात, आणि त्यात “आम्ही किती साधे” असा आव नाही. आमच्याकडची किती पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. सुट्टीला आली की पार्क चौकात उभी राहून “इथं काहीच बदललं नाही” म्हणतात, आणि तेवढ्यात कुठलं दुकान बंद झालं तेही विचारतात. ते गाणं नेमकं त्या वयाचं आहे.

‘समव्हेअर’मधली जागासुद्धा बॅटलमधलंच एक झाडीचं ठिकाण आहे, मॅन्सर्स शॉ, असं सांगतात. म्हणजे पहिल्या अल्बमात ज्या गावाला ते हाक मारत होते, चौथ्यात तिथंच परतले. आणि पुढच्याच वर्षी थांबले. मला ते अगदी योग्य वाटलं होतं.

रेल्वेलाइन्स

योग्य वाटणं ठीक, पण ते इतकं सरळ नव्हतं. २००६ विसरून चालणार नाही.

‘अंडर द आयर्न सी’ जूनमध्ये आला, पहिल्या क्रमांकावर गेला, आणि ऑगस्टमध्ये जपानच्या दौऱ्यातून टॉम घरी निघून गेला. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनावर उपचार घ्यायला तो प्रायरी या रुग्णालयात दाखल झाला. अमेरिकेचा ठरलेला दौरा रद्द झाला. तोवर त्या पोरांचं काय चाललं होतं बघा. २००५ मध्ये लंडनच्या लाइव्ह एट या भव्य मैफलीत वाजवलं, यूटूच्या दौऱ्यात आधीचा बँड म्हणून फिरले, ग्रॅमीला नवोदितांच्या गटात नामांकन. पबमधून निघून तीन वर्षांच्या आत इतकं. आणि मधल्या काळात टिम आणि टॉम एकमेकांशी धड बोलत नव्हते. त्या अल्बममधली बरीच गाणी टिमनं या मैत्रीच्या पडझडीवर लिहिली.

आता डोळ्यांसमोर आणा. ज्या मित्राशी तुमचं बिनसलंय, त्याच्यावरच तुम्ही गाणं लिहिलंय, आणि ते त्याच मित्राच्या हातात देऊन म्हणताय, गा. तो रोज रात्री हजारो लोकांपुढं ते गातोय, मनात ठाऊक आहे की हे माझ्याबद्दल आहे. माझा पिंड फार हळवा नाही, पण हे जेव्हा कळलं तेव्हा तो अल्बम मला काही दिवस ऐकवेना.

विजापूरवेस

रेल्वेलाइन्स, तुम्ही माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. आता थांब्याकडे येतो.

२०११ मध्ये जेसी क्विन अधिकृतपणे बँडमध्ये आला, बासवर. म्हणजे साउंड_नवीपेठ म्हणाले तो लॅपटॉपचा प्रश्नही तोवर सुटला होता. ‘स्ट्रेंजलँड’ पहिल्या क्रमांकावर. पैसा, मान, प्रेक्षक, कशाची वानवा नव्हती. २०१३ च्या नोव्हेंबरात ‘द बेस्ट ऑफ कीन’ हा संग्रह काढला आणि काम थांबवलं. भांडण जाहीर झालं नाही, कोर्टकचेरी झाली नाही.

टॉमला स्वतःची गाणी लिहायची होती. हे वाक्य वरवर साधं दिसतं. पण पंधरा वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या मनातलं गायलं, आणि लोक ज्याला रस्त्यात थांबवून सांगतात की तुझ्या गाण्यानं मला सावरलं, त्याला आत काय होत असेल? लोकांच्या लेखी ते शब्द त्याचे होते, आणि खरं काय ते त्याला ठाऊक होतं. टिमच्या बाजूनंही बघा. सगळं अंतरंग त्याचं, आणि चेहरा दुसऱ्याचा. या वाटणीनंच कीन झाला. लिहिणाऱ्याला लाज आडवी येत नाही कारण गाणारा तो नाही, आणि गाणाऱ्याला मोठ्यानं रडता येतं कारण लिहिणारा तो नाही. पण ही वाटणी जन्मभर पेलायची गोष्ट नाही.

याच सुमारास एक विलक्षण योग आला. २०१३ च्या नाताळात जॉन लुईस या दुकानाच्या जाहिरातीसाठी लिली अॅलननं ‘समव्हेअर ओन्ली वी नो’ गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. कीनचं स्वतःचं तिसऱ्यावर थांबलं होतं. बँड दिवे मालवून घरी निघालेला, आणि त्याचं गाणं दुसऱ्याच्या आवाजात घराघरात. टिमचं लेखन टॉमशिवायही उभं राहतं हे त्या हिवाळ्यात सिद्ध झालं. आणि टॉम टिमशिवाय उभा राहतो का, हे ठरायचं होतं.

ते सोपं गेलं नाही. तो पुन्हा व्यसनात गेला, या वेळी जास्त खोल. २०१५ मध्ये सावरला. २०१६ मध्ये ‘द वेव्ह’ आला, त्याची स्वतःची गाणी, बहुतेक त्या बुडण्यातून वर येण्याबद्दलची. गाणी म्हणून ती टिमच्या तोडीची आहेत असं मी म्हणणार नाही, पण तो गळा पहिल्यांदा आपलंच बोलतोय हे कळतं.

तिकडं टिमचं लग्न मोडलं होतं. त्यातून त्यानं लिहिलेली गाणी टॉमनं ऐकली, आणि २०१९ च्या सप्टेंबरात ‘कॉज अँड इफेक्ट’ झाला. तो दुसऱ्या क्रमांकावर गेला, कीनचा पहिलाच स्टुडिओ अल्बम जो पहिला आला नाही. पण ऐकताना फरक कळतो. आता टॉम मित्राचं दुःख उसनं घेऊन गात नाही. त्यानं स्वतःचं भोगून झालंय, आणि मित्राचं काय झालं तेही त्याला ठाऊक आहे. २०१३ ला ते ओढूनताणून पुढं गेले असते तर हा अल्बम झाला नसता, असं माझं ठाम मत आहे.

कंबरतलाव

या बाजूनं मी बघितलं नव्हतं. तरी २००८ च्या गिटारबद्दलचं मत बदलणार नाही.

साउंड_नवीपेठ

तुमच्या मुद्द्याला दुजोरा देणारी एक गोष्ट. टिम आणि जेसीनं २०१० मध्येच माउंट डेसोलेशन नावानं वेगळा अल्बम केला होता, अमेरिकन कंट्री धाटणीचा. त्यात टिम स्वतः गातो. आवाज साधा आहे, टॉमसारखा चढत नाही. ऐकल्यावर दोन गोष्टी एकदम पटतात. गाणी चांगली आहेत, आणि ती टॉमची वाट बघतायत.

जुळेसोलापूरची

सगळं वाचलं, दोन अल्बम ऐकून झाले. ‘बेडशेप्ड’ तीन दिवस ऐकालोय, बाकी काही सुचेना. घरचे विचारालेत काय झालंय म्हणून.

आमच्या कॉलेजचं गॅदरिंग आहे. माझ्याकडं ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, मैत्रीण गाते, एक मित्र काहोन (बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) वाजवतो. गिटारवाला ऐनवेळी नाही म्हणाला. ‘समव्हेअर’ तिघांत बसेल का? कीबोर्डवर पियानोचा टोन लावला की खेळण्यातला वाटतो.

साउंड_नवीपेठ

बसेल की! ते तिघांचंच गाणं आहे.

टोनांच्या यादीत ‘इलेक्ट्रिक ग्रँड’ किंवा ‘सीपी’ नावाचा असला तर तो घे. नसेल तर साधा पियानो ठेव, रिव्हर्ब (आवाजाची घुम) कमी कर, आणि हॉलच्या मिक्सरवाल्याला सांग की खालचा बास जरा कापून मधला उचल. रिव्हर्ब भरपूर आणि ऑटो-अकंपनिमेंट, म्हणजे कीबोर्डची आपोआप वाजणारी साथ, चालू असलं की खेळणंच वाटणार. ऱ्हिदम पूर्ण बंद, काहोनवाला आहे ना. सस्टेन पेडल हवाच, पण प्रत्येक कॉर्ड बदलला की सोड, नाहीतर चिखल होतो.

विजापूरवेस

आणि उजव्या हाताचे ठोके सगळे सारख्या वजनाचे ठेवा, हेच सगळ्यात अवघड आहे. पोरं पहिल्या ठोक्यावर जोर देतात आणि मग ते वरातीतलं वाटतं. मेट्रोनोम लावून, गाणारी नसताना, आधी नुसता पियानो बसवा. मूळ पट्टी पुरुषाच्या उंच गळ्याची आहे, मैत्रिणीला जड जात असेल तर पट्टी आपोआप बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबू नका, तिच्या पट्टीत बोटांनीच बसवा. तरच डाव्या हाताचं ते अर्धी पायरी उतरणं तुमच्या हाताला कळेल.

रेल्वेलाइन्स

गॅदरिंग कधी आहे आणि कुठल्या हॉलला ते इथं लिहा. बाहेरच्यांना सोडत असतील तर मी येणार.

जुळेसोलापूरची

तारीख ठरली की लिहिते. गिटारवाल्यानं काल मेसेज केला की येतो म्हणून. आम्ही नको म्हणालो.